मागच्या टोकावरचे पाच जण

फुन्हिलोल गाव, मिनिकॉय
दि. ९ मार्च २०१४, रविवार

चिरंजीव झकरिया यास,

मामाचे सलाम व आशीर्वाद. इकडे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. तिकडची हकीकत तुझ्याकडून कळत नाही; कोचीहून जहाजाने जे परत येतात त्यांच्या तोंडून कळते. तू मट्टनचेरीत दोरखंडाच्या दुकानावरच्या माळ्यावर राहतोस, दिवसभर दोर मोजून कापतोस आणि कोणाशी फारसे बोलत नाहीस, असे समजले. तुझ्या वयाच्या आणि तुझ्या हाताच्या माणसाने दोर कापत बसावे, हे मला योग्य वाटत नाही. असो.

वारा पडला आहे. दुपारी खाजणातले पाणी असे स्थिर होते की प्रवाळाच्या भिंतीबाहेरचा समुद्र खरा आणि आतला कोणीतरी आठवणीतून काढलेला, असे वाटत राहते. मासे भरपूर मिळत आहेत. घरोघरी ते उकडून, धुरावर सुकवून ठेवले जात आहेत. तुझ्या आईने तुझ्यासाठी दोन डबे भरून ठेवले आहेत. कोणाबरोबर पाठवू, असे ती मला विचारत असते.

गावाने यंदा कारभार पाहायला मला मूपन निवडले. हे पद मी मागितले नव्हते. पुरुषांच्या बैठकीत कासिम उभा राहिला आणि म्हणाला, "ज्याने एकवीस माणसे चाच्यांच्या हातून जिवंत परत आणली, त्याला गाव सांभाळणे काय जड आहे?" त्यावर कोणीच आडवे बोलले नाही. शर्यतीची नवी होडी तयार होत आली आहे. तिच्या वल्हेकऱ्यांना हाक मीच द्यावी, असे ठरले आहे.

आता मुख्य मजकूर. तुझी नाविक-पुस्तिका परत मिळावी, असा अर्ज तू केला आहेस. त्याची सुनावणी कोचीच्या जहाज कार्यालयात सतरा एप्रिल रोजी, गुरुवारी आहे. खलाशांचा मुकादम, सारंग, या नात्याने मी तीन वर्षांपूर्वी चाच्यांच्या हल्ल्याविषयी जो जबाब दिला आणि ज्यावरून ती जप्त झाली, तो कायम आहे काय, असे मला कळवण्यास सांगितले आहे. पुस्तिकेशिवाय कोणतेही जहाज तुला शिडीवर पाय ठेवू देणार नाही, हे तुला ठाऊक आहेच.

माझा सल्ला असा. तू लेखी कबूल करावेस की त्या सकाळी तू बंद खोलीत आला होतास आणि काही वस्तू आणण्यासाठी, न सांगता, परत वर गेलास. वय लहान होते, चूक झाली, क्षमा असावी. त्याखाली मी माझी शिफारस जोडतो. अडतीस वर्षे समुद्रावर काढलेल्या सारंगाच्या सहीला तिथे अजून किंमत आहे. मी चौथीपर्यंतच शिकलो, तरी अर्ज कसा लिहावा हे मला कळते. मसुदा सोबत जोडला आहे. त्यात काना-मात्रा बदलू नये.

उत्तर पुढच्या जहाजाने यावे.

तुझा मामा,
दांडिमागे आदम
सारंग (निवृत्त), मूपन, फुन्हिलोल


फुन्हिलोल गाव, मिनिकॉय
दि. २४ मार्च २०१४, सोमवार

चिरंजीव झकरिया यास,

सलाम व आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. त्याला पत्र म्हणावे का, असा प्रश्न आहे. तारीख नाही, सलाम नाही, आईची चौकशी नाही. दुकानाच्या पावतीच्या मागे एक ओळ: "मामा, त्या दिवशी तुम्ही मला हाक मारली होती का? एवढेच लिहा." माझा मसुदा तू सही न करता परत पाठवलास. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

हा प्रश्न तू मला पूर्वी एकदा विचारला आहेस. अकरा महिने त्या परक्या किनाऱ्यावर काढून तू घरी आलास, त्याच्या तिसऱ्या दिवशी. तुझी आई आत भात वाढत होती. तू हळू आवाजात विचारलेस. मी म्हणालो, "मारली होती." त्यानंतर तू त्याविषयी बोलला नाहीस. गावातली मुले तुला विचारत, "काय विसरला होतास रे, कंगवा की आरसा?" तेव्हाही तू बोलला नाहीस. एकदाच कोणीतरी म्हणाले, "याच्या कंगव्यापायी एकवीस जण मेले असते," आणि तू उठून बंदरावर गेलास. त्याच आठवड्यात तू बेट सोडलेस.

उत्तर देण्याआधी काही गोष्टी क्रमाने नोंदवतो. क्रम चुकला की अर्थ चुकतो.

आपले जहाज खताने भरलेले होते. भरलेले जहाज पाण्यात खोल बसते. आपला कठडा पाण्यापासून दोन माणसांच्या उंचीवर होता. वेग असा की मला कधीकधी वाटे, आपण चालत नाही, समुद्रच मागे सरकवला जातो आहे. असे जहाज चाच्यांना दुरूनच आवडते. म्हणून कांडला सोडल्यापासून तिसऱ्या दिवशी मी कामाला लागलो, हे तू पाहिले आहेस. कठड्याभोवती काटेरी तारेची वेटोळी, एकावर एक दोन थर. माझ्या उजव्या तळहातावर त्यांचे व्रण अजून आहेत. आग विझवायचे नळ दोन्ही बाजूंना बाहेर तोंड करून बांधले आणि पाणी रात्रंदिवस सोडून ठेवले. शिड्या वर ओढल्या. बाहेरची दारे आतून लोखंडी दांड्यांनी बंद केली. एक मागचे दार तेवढे माझ्या हातात ठेवले. आणि सर्वात खाली, सुकाणूयंत्राच्या खोलीत, पाणी, बिस्किटे आणि संदेशयंत्र ठेवून बावीस माणसांची जागा केली. तिला सगळे किल्ला म्हणत. कोलंबोचे कप्तान विजेरत्न प्रत्येकाला बजावत, "किल्ला एकाच अटीवर किल्ला आहे. सगळे आत. एक जरी बाहेर राहिला, तर सुटकेला येणारी युद्धनौका गोळी झाडू शकत नाही."

हे सर्व नियमाप्रमाणे होते. नियमाबाहेर माझे स्वतःचे एकच होते: ते पाच जण.

जुने निळे कामाचे पोशाख, आत नारळाचा काथ्या, डोक्यावर शिरस्त्राण. चाचे दुर्बिणीतून आधी माणसे मोजतात. मागच्या टोकावर पाच जण पहाऱ्यावर दिसले की दुसरे जहाज शोधतात. बाहुल्या इतर जहाजांवरही असतात, पण त्या झाडूला कपडे घातल्यासारख्या दिसतात. माझ्या तशा नव्हत्या. मी खांद्यांना उतार दिला, गुडघ्यांना किंचित बाक दिला. आपल्या होडीत वल्हेकरी हाकेची वाट पाहत बसतो, तेव्हा त्याच्या मानेत जो ताण असतो, तो मी त्यांच्या मानेत भरला. फिलिपिनो आचारी रोमेल पहिल्या दिवशी बाहेर आला आणि त्यांच्यातल्या एकाला म्हणाला, "बाजूला हो बाबा, कचरा टाकायचा आहे." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "सारंग, या पाच जणांचा भात टाकू का?"

मी म्हणालो, "तुझ्या हातचा भात खाण्यापेक्षा काथ्या बरा, असे ते म्हणतात."

तू हसलास. त्या दिवसांत तू पुष्कळ हसत असस. त्यांना नावे तूच ठेवलीस: मास्तर, वैद्य, जावई, कासिम. पाचव्याचे नाव माझ्यासमोर कोणी घेत नसे. तो सर्वात ताठ होता, छाती पुढे काढलेला. त्याचे नाव तुम्ही माझ्या पाठीमागे 'मामा' ठेवले होते, हे मला ठाऊक होते. मला राग आला नव्हता.

सोकोत्रा बेट मागे टाकल्यावर समुद्र तेलासारखा झाला. उन्हाच्या वाफेत ते पाचही जण श्वास घेत आहेत, असे दिसे. मी पहाऱ्याच्या खोलीच्या बाहेर उभा राहून तासन्तास पाहत असे. कधी वाटे, जहाज तेच चालवत आहेत आणि आम्ही बावीस जण काथ्याचे आहोत. हे मी कोणाला सांगितले नाही; सारंगाने असे बोलू नये.

आता तो नियम, जो मी तुला घालून दिला. मागच्या टोकावर त्यांच्यामध्ये एक जिवंत माणूस हवा, म्हणजे कोणीतरी हललेले दिसते आणि सगळेच जिवंत वाटतात. होडी जवळ आली की मात्र त्यानेही त्यांच्यासारखे स्तब्ध उभे राहायचे, म्हणजे कोण खरे ते कळत नाही. ते काम मी तुला दिले. धोक्याची घंटा नऊ दिवसांत चार वेळा मासेमारांच्या होड्या पाहून वाजली होती. प्रत्येक वेळी टोक रिकामे झाले असते, तर सगळा देखावा फुकट गेला असता. म्हणून मी तुला सांगितले, "घंटा कितीही वाजो. होडीत जसे, तसेच इथे. माझी हाक येईपर्यंत वल्हे हलत नाही." तू म्हणालास, "हो, मामा."

तू आपल्या होडीत पाच वर्षे माझ्या हाकेवर वल्हे टाकले आहेस. एकदाही आधी टाकले नाहीस, एकदाही नंतर टाकले नाहीस.

त्या सकाळी, न्याहारीच्या सुमारास, घंटा पाचव्यांदा वाजली. मी वरून पाहिले: दोन लहान होड्या, त्यांत शिडी. मी आतल्या जिन्याने खाली धावलो, मागच्या दाराशी आलो. दार उघडून तुला हाक मारायची, तुला घेऊन किल्ल्यात जायचे, असे ठरलेले होते. दाराला गोल काच आहे. काचेवर खारट पाण्याचे थेंब सुकले होते. मी काचेतून पाहिले. कठड्याशी पाच जण उभे होते. पाचही स्तब्ध. मी मनात म्हणालो, पाच म्हणजे माझे पाच. झकरिया घंटा ऐकून आधीच खाली गेला. मी दार उघडले नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे: हाक मारण्याचे कारणच पडले नाही, कारण मी पाच पाहिले. घरी मी तुला "मारली होती" म्हणालो, ते शब्द जसेच्या तसे खरे नव्हते. मोजण्यात चूक झाली. कोणाकडूनही झाली असती. बाहुल्या उत्तम होत्या. एवढे मी जबाबात लिहून देण्यास तयार आहे. यापेक्षा अधिक काही लिहिण्याची आवश्यकता मला दिसत नाही.

अलीकडे दुपारी डोळा लागतो, तेव्हा एक दृश्य दिसते. ओहोटीच्या वेळी ते खाजणातून चालत येतात. पाणी गुडघ्याएवढे, पण त्यांचे पोशाख ओले होत नाहीत. आपल्या अंगणात रांगेने उभे राहतात. त्यांना मोजून घ्यायचे असते, असे मला कळते. मी उठून पहिल्याच्या खांद्यावर हात ठेवतो. इथे जाग येते.

आई बरी आहे. डबे अजून पाठवलेले नाहीत.

तुझा मामा,
दांडिमागे आदम


फुन्हिलोल
दि. ७ एप्रिल २०१४, सोमवार

झकरिया,

मागचे पत्र वाचून तू मनात एक वाक्य म्हणाला असशील. मी ते पत्र टपालपेटीत टाकले तेव्हाच मला ते ऐकू आले होते: "मामा, पाचवा तर आत होता."

होता. आदल्या दिवशी दुपारी नळाचे पाणी वाऱ्याने उलटले आणि तो पाचवा भिजून वाकला. मीच त्याला खांद्यावर टाकून सुकाणूयंत्राच्या खोलीत नेले, कारण तिथे यंत्रांची ऊब असते. भिंतीला टेकवून बसवले. आणि मीच तुला म्हणालो, "जागा मोकळी दिसता कामा नये. पाच म्हणजे पाच दिसले पाहिजेत. त्याच्या जागी तू उभा राहा." तू छाती पुढे काढून उभा राहिलास आणि रोमेलने टाळ्या वाजवल्या. मी हसू दाबले.

काचेतून पाहिले तेव्हा हे मला आठवले नाही. हे खरे आहे. शिडी लावल्याचा आवाज आला होता आणि मला माझी बाहुली दिसली, कारण मला ती दिसायला हवी होती. इथपर्यंत चूक म्हणता येईल. मागच्या पत्रात मी इथेच थांबलो.

परवा तुझी आई माझी पेटी उन्हात घालायला घेऊन गेली. तळाशी एक निळा पोशाख होता. ती अंगणातून म्हणाली, "दादा, हा कोणाचा?"

"माझा."

"तुझा कधीपासून एवढा ढगळ?"

"जहाजावर मोजमाप घेऊन देत नाहीत."

तिने बाही उलटी केली. मग म्हणाली, "आणि बाहीत काथ्या कसा आला?"

मी बाहेर गेलो. ती चटईवर बसून शिवणीत अडकलेले तंतू एकेक करून काढत होती आणि शेजारी ओळीने मांडत होती. माझ्याकडे पाहत नव्हती. जगात मला 'तू' म्हणणारी ती एकटीच उरली आहे. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि तिला जे सांगितले, तेच तुला लिहीत आहे.

आपल्या होड्या प्रवाळाच्या फटीतून बाहेरच्या समुद्रात निघतात, तेव्हा सुकाणूवाला उठून प्रत्येकाच्या खांद्याला हात लावतो आणि मोठ्याने मोजतो. डोळ्यांनी मोजलेले धरत नाहीत. हाताखाली आला तो माणूस. माझ्या बापाने असेच मोजले, मी असेच मोजले. त्या जहाजावरही माझ्यासकट आमची आठ माणसे मी अशीच मोजत असे. कप्तानांना त्याचे कौतुक होते.

किल्ल्यात दिवे घालवले होते, कारण दाराखालून उजेड दिसू नये. इतर सर्व माझ्या आधी पोहोचले होते. कप्तान दाराच्या चाकाला धरून उभे होते, दार हातभर उघडे होते. वर पावले वाजत होती. अनवाणी पावले, धावणारी. कप्तान म्हणाले, "सारंग, तुझे आठ?"

मी अंधारात हात पुढे केला. एक खांदा, दोन, तीन, मोठ्याने. सर्वांना घाम सुटलेला, सर्वांचे खांदे वरखाली होत होते. सहा. मग मी स्वतःला मोजले, सात. भिंतीशी आणखी एक बसलेला होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा हलत नव्हता. ऊबदार होता, पण यंत्राच्या उबेने. माझ्या बोटांखाली काथ्या दबला.

झकरिया, माझ्या हाताला कळले. काचेतून डोळ्यांची चूक झाली असेल; हाताची झाली नाही. कळले आणि त्याच वेळी तूही दिसलास, उन्हात, छाती पुढे काढून, माझ्या हाकेची वाट पाहत. दार अजून उघडे होते. सतरा पायऱ्या, एक वळण, मागचे दार. मी धावलो असतो तर पोहोचलो असतो की नाही, हे मला ठाऊक नाही. पण हाक पोहोचली असती. माझी हाक वाऱ्याच्या उलट दिशेने तीन होड्यांपलीकडे जाते, हे सगळे बेट जाणते.

मी म्हणालो, "आठ."

कप्तानांनी चाक फिरवले.

भीती होती, हे खरे. पण मी रोज पाच वेळा नमाज पढणारा माणूस आहे, भीतीचा हिशेब देवाकडे देईन. तुला दुसरी गोष्ट सांगायची आहे. त्या क्षणी 'सात' म्हणायचे तर मला मोठ्याने सांगावे लागले असते की आठवा काथ्याचा आहे. की सारंग आदम आपल्या हातच्या बाहुलीला माणूस समजला आणि माणसाला बाहुली. वीस जणांसमोर. जीभ त्या शब्दापाशी अडली. भीतीपेक्षा ती लाज वेगाने धावली. कोणी विचारले तर सांग की तुझा मामा घाबरला होता. तुला मात्र खरे कारण ठाऊक असावे.

किल्ल्यात आम्ही चौदा तास होतो. मी भिंतीशी त्या पाचव्याच्या शेजारी बसलो, म्हणजे दुसऱ्या कोणाचा हात त्याच्यावर पडू नये, आणि अंधारात त्याच्या गळ्यातून काथ्या उपसत राहिलो. मूठ मूठ. आधी डोके, मग छाती. उपसलेला काथ्या मागे दोरखंडाच्या वेटोळ्यात कोंबला. वर ते लोक यंत्र चालू करण्याचा प्रयत्न करत होते आणि जहाज हलत नव्हते. कोणीतरी दबक्या आवाजात प्रार्थना म्हणत होते. रोमेल माझ्या कानाशी म्हणाला, "सारंग, झकरिया कुठे बसला आहे? त्याचा आवाज नाही."

मी म्हणालो, "झोपला आहे."

"या गोंधळात?"

"तो कुठेही झोपतो."

तोपर्यंत माझ्या हातात रिकामा पोशाख उरला होता. तो मी माझ्या पोशाखावरून चढवला.

युद्धनौका दिसल्यावर ते तुला घेऊन उतरून गेले. आम्ही वर आलो, तेव्हा मागच्या टोकावर चौघे उभे होते, गोळ्यांनी फाटलेले. पाचवी जागा मोकळी होती. तिथे कठड्याला तुझा चहाचा मग दोरीने बांधलेला होता, उपडा, तू नेहमी ठेवत असस तसा. कप्तान माझ्याकडे वळले. "सारंग, आठ म्हणालास ना?"

"म्हणालो."

"मग?"

"दार लागण्याआधी परत गेला असेल, साहेब. काहीतरी विसरला असेल."

मी जन्मात एवढे सहज वाक्य बोललो नव्हतो. त्यांनी ते लिहून घेतले. मी खाली सही केली, पूर्ण नाव, शुद्ध.

तू अकरा महिने तिकडे कसा राहिलास, हे मी तुला कधी विचारले नाही. विचारले असते तर ऐकावे लागले असते.

तुझ्या आईने सगळे ऐकले. मग ते तंतू पदरात गोळा केले आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी का तिथे उभी होते?" एवढे बोलून ती चुलीकडे गेली. आज तिने माझ्यासाठी भात ठेवला, पण वाढला नाही. मी हाताने वाढून घेतला. ते योग्यच आहे.

काल जुम्म्याच्या बैठकीसारखी बैठक मी मुद्दाम बोलावली आणि पुरुषांसमोर हे उभ्याने सांगितले. कोणी हसले नाही, कोणी रागावलेही नाही. जणू मी दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगत होतो. शेवटी कासिम म्हणाला, "म्हणजे तो काही विसरला नव्हता तर." मी म्हणालो, "नाही. तो काहीच विसरला नव्हता." मूपनपद मी तिथेच खाली ठेवले. कासिमने विचारले, "आणि होडीला हाक?" मी म्हणालो, दुसरा माणूस पाहा.

जहाज कार्यालयासाठी नवा जबाब लिहिला आहे. त्याची प्रत सोबत आहे. त्यात तू नियमाबाहेर काहीही केले नाहीस, सांगितलेल्या जागी, सांगितल्याप्रमाणे, सांगणाऱ्याची वाट पाहत उभा होतास, असे स्पष्ट नमूद केले आहे. 'चूक' हा शब्द एके ठिकाणी आला होता. तो खोडून 'खोटे' लिहिला. खाडाखोड तशीच ठेवली आहे, कागद पुन्हा उतरवला नाही. निळा पोशाख बरोबर आणत आहे, त्यांना पुरावा हवा असेल तर.

दुपारच्या त्या दृश्याचा पुढचा भाग आता दिसू लागला आहे. मी रांगेने खांद्यांना हात लावत जातो. काथ्या, काथ्या, काथ्या, काथ्या. पाचवा खांदा गरम असतो आणि वरखाली होत असतो. तो माझ्याकडे पाहत नाही. तो समुद्राकडे पाहतो आहे. माझ्या तोंडून आवाज फुटत नाही. खाजणात भरती येऊ लागते आणि पाणी आमच्या दोघांच्या घोट्यांवरून शांतपणे चढत राहते.

तुझ्या त्या एका ओळीचे उत्तर: नाही. मी तुला हाक मारली नाही.

शुक्रवारच्या जहाजाने मी निघत आहे. तुझ्या आईने मासळीचे दोन्ही डबे माझ्या हाती दिले आहेत. जहाज शनिवारी कोचीला लागेल. धक्क्यावर तू येशील असे मी धरून चालत नाही. सुनावणी तुझ्या येण्यावर अवलंबून नाही. जबाब मी गुरुवारी देणार आहे, तू भेटलास तरी आणि न भेटलास तरी.

मात्र शनिवारी मी उतरेन आणि प्रवाशांची वाट सोडून धक्क्याच्या मागच्या टोकाला जाऊन उभा राहीन, डबे पायाशी ठेवून. गर्दी ओसरली तरी तिथेच असेन. तू लांबून पाहिलेस तर तुला वाटेल, कोणीतरी जुना पोशाख भरून ठेवला आहे. हाक मारायची की नाही, हे तू ठरव. तुझा आवाज येईपर्यंत मी हलणार नाही.

उभा असलेला,
आदम